मंगळ्याच्या छातीत दुखत होतं

कुणी धक्का दिला नाही. कुणी पायात पाय घातला नाही. चेंडू तर पार पलीकडच्या टोकाला होता. आणि तू पडलास! असं पडतात होय रे? पडायला काही कारण लागतं की नाही? माणसानं आधी थांबावं, हात वर करावा, ‘मला होत नाही’ म्हणावं. तीन आठवडे झाले, माझा राग काही जात नाही. कुणावर काढू? तुझ्याच अंगणातल्या त्या वाकड्या झाडावर काढते रोज.

असो. प्रिय मंगळ्या,

तिसरी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. मी मराठीत लिहितेय. जिवंत होतास तेव्हा तुझं इंग्रजी मला निम्मं कळायचं आणि माझं मराठी तुला चाराणे. आता मेल्यावर तरी सगळ्या भाषा कळत असतील. नसतील कळत तर मरून काय मिळवलंस?

आजच का लिहितेय, तर काल संध्याकाळी तुझी बहीण आमच्या दारात आली होती. तिनं मला एक गोष्ट विचारली आणि मी तिला धडधडीत खोटं सांगितलं. एकाहत्तर वर्षांत मी पुष्कळांना तोडून बोलले असेन, पण खोटं बोलून घरात येऊन चहा प्यायले, असं कधी झालं नव्हतं. माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. म्हणून आधी तुला सांगते. मग तिला.

पण पहिल्यापासून सांगू दे. मला मधूनच सांगता येत नाही.

तू शेजारी राहायला आलास तेव्हा मी तुला तीन महिने पाहिलंच नव्हतं. कार्डिफमधली ही घरं, एका भिंतीला दोन संसार. तुझ्या जिन्यावरची पावलं मला ऐकू यायची आणि माझ्या कुकरची शिट्टी तुला. एक दिवस मी सुकट भाजत होते. खिडक्या सताड उघड्या, तरी वास रस्त्यावर. बेल वाजली. मी म्हटलं, झालं, आला कुणीतरी नाक मुरडत. झारा हातात घेऊनच दार उघडलं. बाई गं! दारभर माणूस! वर मान करून बघावं लागलं.

तू काहीतरी बोललास. माझी नात ईशा मागून म्हणाली, “आजी, तो विचारतोय की हा कुठली मासा आहे.” तिचं मराठी तसंच. इथं जन्मली.

“सांग त्याला, सुकट आहे. वास येत असेल तर नाक धर म्हणावं.”

“आजी, तो म्हणतोय त्याच्या आईच्या घरात असाच वास असतो. त्याला थोडी पाहिजे.”

तू भाकरी-सुकट खाल्लीस, उभ्या उभ्या, माझ्या दारात. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कालवण घेऊन आलास. मी म्हटलं, हे तर आमचं उपासाचं! मग त्यात कोंबडीचा तुकडा सापडला. उपास सोडाच म्हटलं.

क्वाबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेला, हे तूच सांगितलंस. तुमच्या घानात वारावरून नाव ठेवतात. मग काय, सोपंच झालं! माझ्या माहेरी तीन मंगळ्या होते, त्यातला एक चांगला निघाला होता. तू चौथा. तूही मला ‘आज्जी’ म्हणायला लागलास, ज वर एवढा जोर देऊन की मला वाटायचं, भिंतच पडतेय.

तुझा धंदा काय हे कळल्यावर मी काय म्हटलं होतं, आठवतं? बाकीचे दहा जण मर मर धावणार, आणि तू पुढं उभा राहून कुणी चेंडू आणून देईल का याची वाट बघणार. आमच्याकडं असल्या माणसाला आयतोबा म्हणतात! सुनीलनं, माझ्या लेकानं, लाजत लाजत ते तुला इंग्रजीत सांगितलं. तू हसत बसलास. मग म्हणालास, “आज्जी, धावणं सोपं. वाट बघणं अवघड. नव्वद मिनिटांत एकदा चेंडू येतो, आणि तेव्हाच चुकलं तर सगळं गाव म्हणतं, हा झोपला होता.”

ते मात्र मला पटलं. बायकांचंही तसंच असतं. दिवसभराचं कुणी मोजत नाही, एक भाकरी करपली की सगळे बघतात.

किती देश फिरलास रे तू! मी शेंगा फोडायला बसले की तूही बसायचास आणि सांगायचास. सतराव्या-अठराव्या वर्षी नॉर्वेला गेलास. पहिल्याच आठवड्यात ओले बूट रेडिएटरवर वाळत टाकलेस, ते आखडून दगड झाले. दुसरे मागायची लाज वाटली, म्हणून तेच घालून खेळलास आणि त्याच बुटांनी पहिला गोल मारलास. अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. मग बेल्जियम. तिथला नवा कोच तुझं नाव म्हणायला शिकलाच नाही, पाठीवरच्या आकड्यानं हाक मारायचा, जसं काही कैदीच. मग एडिनबरा. तिथं गुडघा कापला. किती महिने एका जागीच फिरणारी ती सायकल मारत खिडकीतून दुसऱ्यांचा सराव बघितलास. आणि मग इथं.

लागल्याखुपल्याची गोष्ट तू प्रत्येक वेळी हसत सांगायचास. गुडघ्याचं हसत. नखाचं हसत. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. ज्याला दुखलेलं हसत सांगायची सवय लागली, त्याचं खरं दुखणं ओळखायचं कसं?

पडायचं कसं हेही तूच आम्हाला शिकवलंस. गोलाच्या जवळ कुणी नुसतं घासून गेलं तरी कोलमडायचं, म्हणजे पेनल्टी मिळते! आमच्या बैठकीत कार्पेटवर पडून दाखवलंस. शोकेसमधले कप हिंदकळले. ईशानं हळदीचं पाकीट वर धरून तुला पिवळं कार्ड दाखवलं. मी म्हटलं, “नाटक्या आहेस!” तुला तो शब्द इतका आवडला की क्लबात जाऊन चार जणांना शिकवून आलास.

मागच्या वर्षी तुझा चेंडू जाळ्यात जायचाच बंद झाला. सामन्यामागून सामने गेले. आपल्याच गावची माणसं ‘घरी जा’ म्हणून ओरडायला लागली. तू माझ्या ओट्याजवळ तोंड पाडून उभा होतास. मी म्हटलं, हे दुसरं काही नाही, दृष्ट आहे. एवढी हजारो माणसं एका माणसाकडं डोळे लावून बसतात, दृष्ट लागेल नाही तर काय! तुला खुर्चीत बसवलं, मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. मिरची कडकडली, धूर झाला, आणि छताला लावलेला तो भोंगा असा कोकलायला लागला की तू खुर्चीसकट उडालास. सून वैशाली टॉवेल हलवत धावली. “आई, फायर ब्रिगेड येईल!” मी म्हटलं, “येऊ दे, त्यांचीही काढते.”

आणि पुढच्या शनिवारी तू दोन गोल मारलेस. झालं! तेव्हापासून घरच्या मैदानावर सामना असला की तू सकाळी खुर्चीत येऊन बसायचास. भोंग्यावर वैशाली आधीच शॉवर कॅप चढवून ठेवायची. तू डोळे मिटून बसायचास, देवळात बसल्यासारखा. मला गंमत वाटायची. खरं सांगू? थोडा गर्वही व्हायचा. चौथीचं तोंड न बघितलेली बाई, आणि माझ्या मोहरीवर गोल होतायत!

तोच गर्व नडला.

मार्चमध्ये कचऱ्याच्या पिशव्या बाहेर ठेवायला मी आले, तर तू कठड्यावर बसला होतास. हात छातीवर. एवढा धावणारा माणूस, आणि दम लागलेला. “काय रे?” तू म्हणालास, “काही नाही आज्जी, इथं आवळल्यासारखं होतंय.” मी म्हटलं, गॅस आहे. रात्री काय ते पिझ्झा खातोस. घरात नेलं, ओवा चुरडला, काळं मीठ घातलं, कोमट पाणी दिलं. तू ढेकर दिलास. दोघंही खूश!

दुसऱ्यांदा माझ्या टेबलाशी बसला होतास. म्हणालास, मी बसलोय, तरी आत कुणीतरी धावतंय. तेव्हा मी काय केलं? दृष्ट काढली. हजार डोळे, म्हटलं. काढली, आणि तुला बरंही वाटलं. तुला बरं वाटलं म्हणून मलाही बरं वाटलं. कसली मी शहाणी!

तेव्हा मी एकदाच म्हटलं, “सुनीलला सांगू का?” माझा लेक हॉस्पिटलात काय करतो हे मला ठाऊक नाही का? माणसाच्या छातीला वायरी लावतो, कागदावर त्या नागमोडी रेघा काढतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच करतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझा कळसा तर काखेतही नव्हता, रोज रात्री समोर बसून वरण-भात जेवत होता!

तू माझं मनगट धरलंस. तुझा पंजा म्हणजे काय, माझा हात त्यात हरवला. “नको आज्जी. उन्हाळ्यात करार संपतोय. नवा द्यायच्या आधी तपासणी करतात. छातीचं काही कागदावर आलं की संपलं. मी एकतीस वर्षांचा आहे.” एकतीस! आमच्यात एकतिसाव्या वर्षी माणसाला जरा अक्कल यायला लागते, आणि तुमच्यात म्हातारा. “एकच करार, आज्जी. मग मी सगळं दाखवतो. शपथ घे.”

आणि मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. का घेतली रे? तू का घातलीस? तुला दुसरं कुणी भेटलं नाही का? क्लबात तुमचा डॉक्टर, मालिशवाले, कोण कोण असतात. तू त्यांना टाळलंस, आणि मोहरीवाल्या म्हातारीकडं आलास, कारण म्हातारी कागदावर काही लिहीत नाही. हुशार होतास. फार हुशार. असली हुशारी काय चुलीत घालायची?

मग तो शनिवार. सुनील ड्युटीवर होता. ईशा आणि मी टीव्हीसमोर. बाहेरगावी सामना, म्हणून त्या सकाळी तू आला नव्हतास. दुसरा डाव सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. चेंडू लांब, आणि तू एकटाच चालत होतास. गुडघ्यावर आलास. मग तोंडावर.

मी काय म्हटलं माहीत आहे? मी हसले. म्हटलं, “ऊठ रे नाटक्या, चेंडू तिकडं गेलाय!”

तिथली माणसंही ओरडत होती, मी टीव्हीवर ऐकलं. त्या पंचाचा हातसुद्धा खिशाकडं गेला. ईशा म्हणाली, “आजी, तो उठत नाहीये.” मी म्हटलं, “उठेल. कळलंय त्याला बघतायत म्हणून.” मग तुझी माणसं धावत आली आणि तुझ्याभोवती पाठमोरी उभी राहिली. कॅमेरा फिरवला, लोकांकडं. तोंडावर हात धरलेली माणसं. तेव्हा मला कळलं. तुझ्यावरून कॅमेरा कुणी उगाच काढेल होय?

तासाभरानं सांगितलं. ईशा रडली. मी रडले नाही. मी ओट्याशी गेले आणि ओव्याची बाटली काढून बघत बसले. अर्धी संपली होती. मला एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमच्या फाटकाशी फुलं, स्कार्फ, मेणबत्त्या. ईशाला घेऊन गेले. ‘घरी जा’ म्हणणारी तीच माणसं नाक पुसत उभी होती. एकानं मला जागा करून दिली. माझ्या ओठांवर आलं होतं, की जिवंतपणी थोडी जागा केली असतीत. पण गिळलं. मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?

आता तुझी बहीण. अकोसुआ. रविवारी जन्मलेली, हे मी विचारायच्या आधीच ओळखलं, तुमचे सगळे वार तू माझ्याकडून पाठ करून घेतले होतेस. उंचीनं तुझ्यासारखी, पण हसत नाही. लाल-काळं लुगडं नेसल्यासारखं कापड गुंडाळलेलं, तुमच्यात दुखवट्याला तेच. चार दिवस झाले येऊन. तुझे बूट, कपडे, पेपरातले फोटो खोक्यांत भरतेय. भिंतीतून मला टेप ओढल्याचा आवाज येतो. मंगळवारी तुला घेऊन जाणार. मंगळवारीच! तुझ्या वारानं आलास, तुझ्या वारानं चाललास.

काल ती आली. सुनील, वैशाली, मी, तिघंही दारात. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झाला होता. सोमवारी चौकशीच्या ऑफिसात तिला लिहून द्यायचंय, की आधी काही त्रास होता का. क्लबला माहीत नाही. मित्रांना माहीत नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “ममा, तो फोनवर फक्त तुमच्याबद्दल बोलायचा. तुम्हाला काही म्हणाला होता?”

मी म्हटलं, “नो.”

कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. एवढं सोपं असतं! तिनं डोळे मिटले. श्वास सोडला. म्हणाली, “मग बरं. म्हणजे त्याला दुखलं नाही. मला वाटत होतं, मीच फोनवर नीट ऐकलं नाही.” आणि माझा हात कपाळाला लावून गेली. माझा हात! तोच!

दार लागल्यावर मी चहा टाकला. प्यायले. मग बशी खाली ठेवून म्हटलं, “सुनील, मी त्याला ओवा देत होते.”

“कशासाठी?”

“छातीत आवळत होतं त्याच्या.”

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. “कधी?”

“मार्चपासून. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ताटावरून उठला, तेव्हा सांगितलं नाही, पण मला दिसलं.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “आई, मी दिवसभर हेच करतो गं.” बस. मग चहा तसाच सिंकमध्ये ओतला.

मी विचारलं, “सांगितलं असतं तर वाचला असता?”

“माहीत नाही. कदाचित हो. त्याला खेळू दिलं नसतं, एवढं नक्की.”

वैशाली म्हणाली, “आई, आता सांगून काय होणार? तिला थोडा आधार मिळालाय, तोही काढून घ्यायचा का? तो गेला, परत येणार आहे का?” चांगली पोर आहे, वाईट मनानं नाही म्हणाली. आणि मला ते गोड लागलं, हेही तुला सांगते. एक क्षण वाटलं, झाकली मूठ राहू दे. मंगळवारी विमान उडेल. ती घानात, मी इथं. कोण विचारतंय?

पण मग उद्याचा सोमवार आठवला. ती माझं खोटं घेऊन ऑफिसात जाणार. खुर्चीवर बसून आपल्या हातानं लिहिणार, की माझ्या भावाला काही त्रास नव्हता. खाली स्वतःचं नाव लिहिणार. खोटं माझं, आणि सही तिची! हे नाही चालायचं. माझ्या बापानं मला तिसरीतून काढलं, पण दुसऱ्याच्या अंगठ्यावर आपलं पाप लावू नये, एवढं शिकवून काढलं.

आणि खोट्यावर निजलेलं माणूस कधी ना कधी उठतंच रे. उठल्यावर तिला जवळ कुणी असेल की नाही, कुणी सांगावं? आज निदान मी भिंतीपलीकडं आहे.

तुझी शपथ मी मोडणार आहे. तुला राग येईल. येऊ दे. शपथ जिवंत माणसासाठी असते. करार, तपासणी, कागद, सगळं संपलं. आता फक्त तुझी बहीण उरली आहे, आणि तिला आपला भाऊ कसा होता हे माझ्यापेक्षा जास्त कळलं पाहिजे. तो घाबरला होता, हे कळलं पाहिजे. तू घाबरला होतास, मंगळ्या. मी बघितलं. मनगट धरलंस तेव्हा तुझा हात गार होता. एवढ्या देशांत एकटा राहिलेला माणूस, आणि सांगायला मिळाली कोण, तर मी. त्याचं मला काय करायचं होतं, ते मला कळलं नाही.

रविवारचे पावणेदहा झालेत. दहाला मी तिच्याकडं जाणार. मी लुगडं बदललंय. सुनील म्हणाला, मी बोलतो. मी म्हटलं, नाही. तू मागं उभा राहा. डॉक्टरी काही विचारलं तर सांग. बोलणार मी. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण ‘पेन’, ‘चेस्ट’ आणि ‘आय नो, आय नो टेल’ एवढं येतं. ओवा दिला तेही सांगणार. मोहरीही सांगणार. लाज वाटली तरी सांगणार. आणि सोमवारी त्या ऑफिसात तिच्याबरोबर जाणार, माझं माझ्या नावानं लिहून देणार. हा माझा शब्द. यावर शपथ नको, शपथांना मी आता हात लावणार नाही.

ती काय करेल मला माहीत नाही. शिव्या देईल, दार लावेल, काल कपाळाला लावलेला हात झटकेल. तुझ्या आईला फोन लावून माझ्या हातात देईल. जे असेल ते.

तू मात्र मध्ये पडायचं नाहीस. माझ्या स्वप्नात येऊन, हसत हसत, ‘आज्जी, जाऊ दे’ म्हणायचं नाहीस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. तू माफ केलंस तर त्याला काही किंमत नाही, तुला तर गुडघा कापणाऱ्याचाही राग आला नव्हता. गप्प राहायचं.

तुझी शेजारची,
हौसाबाई

उत्तर अकोसुआनं द्यायचं. फक्त तिनं.